नकाशातला रंग बदलण्याआधी: गोव्यात झोन बदलाला हरकत कशी घ्यावी

शेजारच्या शेतात जेसीबी उतरला की गावातले लोक पंचाला फोन करतात. तोवर बराच उशीर झालेला असतो. जेसीबी येण्याच्या कितीतरी आधी ते शेत कागदावर ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीची जागा, झालेलं असतं, तशी नोटीस राजपत्रात येऊन गेलेली असते आणि हरकतीची मुदतही गावाच्या नकळत संपलेली असते. त्या मुदतीच्या आत काय करायचं, ते इथे सांगतो. कधीच हरकत न घेतलेल्या, नगरनियोजन खात्याची पायरीही न चढलेल्या माणसासाठी.

माझी पहिली हरकत दीड पानाची होती. त्यात आजोबांनी घातलेला बांध होता, पावसातले बेडूक होते, ‘आमचा हिरवागार गोवा’ दोनदा होता. सर्वे नंबर मात्र एकदाही नव्हता. पुढे माहिती हक्काखाली फाईल बघायला मिळाली, तेव्हा माझ्या पत्राच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने ‘सर्वसाधारण विरोध’ एवढंच लिहिलेलं दिसलं. राग आला, पण लिहिणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. त्याच्यापुढे नकाशा होता आणि माझं एकही वाक्य त्या नकाशावर कुठे ठेवायचं हे त्याला कळण्यासारखं नव्हतं.

आधी बघा, तुमच्या जागेला कुठला आराखडा लागतो

गोव्यात जमिनीचा वापर १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली ठरतो. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्याला वाटतं, शहराचा आराखडा नगरपालिका करते. पालिका बांधकाम परवाना देते, घरपट्टी घेते, गटार साफ करते. नकाशात कुठल्या जागेचा रंग, म्हणजे झोन, कुठला, हे ती ठरवत नाही. शहरी भाग ‘नियोजन क्षेत्र’ म्हणून जाहीर झालेला असेल तर तिथला बाह्यविकास आराखडा, म्हणजे ओडीपी, नियोजन आणि विकास प्राधिकरण करतं. लोक त्याला पीडीए म्हणतात. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को ही शहरं अशा पीडीएंच्या कक्षेत आहेत. पंचायत क्षेत्रही त्यात येऊ शकतं. ताळगाव हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. बाकी जवळजवळ सगळा गोवा प्रादेशिक आराखड्याखाली येतो आणि तो नगरनियोजन खात्याकडे असतो. खात्याचं मुख्य कार्यालय पणजीत पाट्टोला आहे, तालुक्यांसाठी वेगळी कार्यालयं आहेत. म्हणून मोर्चा काढायचा झाला तरी आधी दार कुणाचं ते पाहा.

प्रादेशिक आराखड्याच्या नावात २०२१ आहे, पण आजही चालतो तोच. त्याच्यामागची हकीकत माहीत असलेली बरी. २००६ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला. डोंगर, शेतं आणि बागायती बांधकामाला मोकळ्या केल्याचं लोकांनी नकाशे वाचून दाखवलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांना घेऊन कृती दल नेमलं गेलं, मसुद्याचे नकाशे पंचायतींपर्यंत गेले, गावोगावी लोक सर्वे नंबर धरून बसले आणि २०११ मध्ये नवा आराखडा अधिसूचित झाला. २०१२ मध्ये तो थांबवला गेला, २०१८ पासून पुन्हा लागू होऊ लागला. म्हणजे ज्या नकाशाला आज आपण ‘सरकारी’ म्हणतो, त्यातल्या कितीतरी रेघा गावकऱ्यांनी पंचायतीच्या सभागृहात बसून दुरुस्त केलेल्या आहेत.

या आराखड्यात भातशेती आणि खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन) पहिल्या पर्यावरण-संवेदनशील विभागात येतात, बागायती आणि मिठागरं दुसऱ्यात. वस्तीचा भाग म्हणजे सेटलमेंट. गावांनाही वर्ग दिलेले आहेत आणि वर्गावर एफएआर ठरतो. एफएआर ६० म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले धरून सहाशे चौरस मीटर बांधकाम. हा हिशेब एकदा हाताने करून बघा. मग ‘फक्त पाच हजार मीटरचा झोन बदल’ म्हणजे गावात किती बिऱ्हाडं वाढणार, ते डोळ्यांपुढे येतं.

मग जमिनीचे कागद जमवा

तीन कागद पुरतात: एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाची आणि कसली याची सरकारी नोंद), सर्वे प्लॅन आणि झोनिंग सर्टिफिकेट. उतारा आणि प्लॅन ऑनलाइन मिळतात. फक्त तालुका, गाव, सर्वे नंबर आणि पोटविभाग बरोबर घाला. ४५/२ आणि ४५/२-अ या दोन वेगळ्या जमिनी असतात आणि या एका अक्षरापायी हरकत वाया गेलेली मी पाहिली आहे. झोनिंग सर्टिफिकेट खात्याकडून किंवा पीडीएकडून घ्यावं लागतं. त्या जागेला आज कुठला झोन आहे, हे त्यात अधिकृतपणे लिहिलेलं असतं.

तिघांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो एक-चौदाचा उतारा. इंग्रजी रकान्यांच्या शेजारी त्यात मराठी शब्द छापलेले आहेत: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. आपल्या आज्यापणज्यांचे हे शब्द, आणि अजून सरकारी कागदावर जिवंत. ‘तरी’ म्हणजे भाताची जमीन. ज्या सर्वे नंबरच्या ‘तरी’च्या रकान्यात क्षेत्र भरलेलं आहे, त्याला अर्जदार ‘पडीक खडकाळ जागा’ म्हणत असेल तर तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा तयार झाला. त्याच उताऱ्यावर कुळाचं नाव बघा. कुळाला कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये, असं १९९१ चा गोवा जमीन वापर नियमन कायदा सांगतो. कुळाच्या रकान्यात नाव असेल, किंवा पूर्वी होतं असं गावातले जाणते सांगत असतील, तर जुना फेरफार काढा. हा मुद्दा ‘निसर्ग वाचवा’पेक्षा कितीतरी जड आहे.

खाजनाची गोष्ट वेगळी. तिथे भरतीचं पाणी मानशीने, म्हणजे बांधातल्या दाराने, अडवलेलं असतं आणि एका माणसाने आपला तुकडा भरला की पाण्याची वाट सगळ्यांसाठी बदलते. म्हणून एकट्या सर्वे नंबरचा प्लॅन जोडून भागत नाही. मानस कुठे, बांध कुठे, पाणी कुठून कुठे जातं, हे हाताने काढून जोडा. चित्र सुबक नसलं तरी चालेल.

नोटीस शोधणं हेच खरं काम

सगळा आराखडा नव्याने होतो तेव्हा वर्तमानपत्रात गाजतं. पेडण्यात २०२३ मध्ये झोनिंग आराखड्याचा मसुदा आला, तालुकाभर विरोध झाला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, हे सगळ्यांना आठवत असेल. तुकड्यातुकड्याने होणारे बदल मात्र गाजत नाहीत. ते एकेका अर्जावर होतात आणि अलीकडे गोव्याच्या जमिनीचा रंग प्रामुख्याने असाच बदलत आला आहे.

त्यासाठी कायद्यात एकामागून एक कलमं घातली गेली. २०१८ मध्ये १६-बी आलं. २०२३ मध्ये १७(२) आलं, आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्यासाठी. या वाटेत लोकांना आधी विचारलंच जात नाही, ही मोठी तक्रार होती. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाचा अर्थ आकसून घेतला. २०२४ मध्ये ३९-ए आलं. त्याखाली प्रादेशिक आराखडा आणि ओडीपी या दोन्हींतला झोन बदलता येतो, पण आधी नोटीस काढून तीस दिवस लोकांच्या सूचना मागवाव्या लागतात. यालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं. कलमं येतात, अडतात, बदलतात, म्हणून नोटीस हातात आली की ती कुठल्या कलमाखाली काढली आहे हे आधी वाचा. हरकतीचा हक्क, मुदत आणि पत्ता सगळं त्यावर ठरतं.

नोटिशी राजपत्रात, वर्तमानपत्रात आणि खात्याच्या संकेतस्थळावर येतात. राजपत्र दर गुरुवारी निघतं, शिवाय मध्येच असाधारण अंकही निघतात. नोटिशीतल्या तक्त्यात अर्जदाराचं नाव, गाव, तालुका, सर्वे नंबर, आजचा झोन, मागितलेला झोन आणि क्षेत्र असतं. तक्ता इंग्रजीत असतो आणि गावांची नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, त्यामुळे मराठीत गाव शोधाल तर काहीच सापडणार नाही. डिचोलीचं स्पेलिंग बघा, Bicholim, म्हणजे कळेल. आमच्याकडे तिघांनी महिन्याचे गुरुवार वाटून घेतले आहेत. ज्याचा गुरुवार तो अंक उघडतो, आपल्या तालुक्याच्या ओळी बघतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. बहुतेक गुरुवारी टाकण्यासारखं काही नसतं. तरी ‘काही नाही’ असंही टाकायचं, म्हणजे अंक बघितला हे बाकीच्यांना कळतं.

दिवस मोजताना नोटीस निघाल्याची तारीख धरा, तुम्हाला कळलं ती नाही. चतुर्थीच्या आसपास निघालेल्या नोटिशींवर विशेष लक्ष ठेवा. कुणाच्या हेतूवर संशय घेत नाही मी, पण त्या दिवसांत आपणच गणपतीवरची माटोळी सजवण्यात अडकलेले असतो.

ग्रामसभा, आणि शहरात ती नसते तेव्हा

गावात असाल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. पंचायतराज कायद्याप्रमाणे साधारण सभा रविवारी होतात आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १९ डिसेंबर या दिवसांशी जोडून खास सभा असतात. विषय आधी लेखी द्या. ऐनवेळी उठून बोललेलं इतिवृत्तात येईलच याचा भरवसा नाही. ठरावात ‘गावचा मेगा प्रकल्पांना विरोध’ असं लिहू नका. सर्वे नंबर, क्षेत्र, कारण आणि नोटिशीची तारीख येऊ द्या. मग सचिवाकडून त्याची प्रमाणित प्रत घ्या. ठरावाने सरकारचे हात बांधले जात नाहीत, पण पुढे न्यायालयात ‘गावाला माहीत होतं आणि गावाने सांगितलं होतं’ हे त्यावरून दिसतं.

ग्रामसभेत गावचा मतदारच सदस्य असतो. भाड्याने राहणाऱ्याला, नुकतंच घर घेतलेल्याला तिथे मत नाही. झोन बदलाला सूचना किंवा हरकत मात्र कुणीही पाठवू शकतो. तुम्ही भाटकार (जमीनमालक) असा, मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारे) असा, की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू.

शहरातल्या लोकांची पंचाईत जास्त. घटनेतल्या प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या शहरांनाच बंधनकारक आहेत आणि गोव्यातल्या एकाही पालिकेची लोकसंख्या तेवढी नाही. त्यामुळे पणजी-मडगावच्या माणसाला ग्रामसभेसारखी जागाच नाही. नगरसेवकाला लेखी देऊन विषय पालिका मंडळाच्या बैठकीत घ्यायला लावणं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करणं आणि पीडीएकडे स्वतः हरकत देणं, एवढंच हातात राहतं. तिन्ही करा.

हरकत लिहिताना

मराठीत लिहा, बिनधास्त. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही शासकीय कामकाजात जागा दिलेली आहे. फाईल मात्र इंग्रजीत फिरते, म्हणून शेवटी चार ओळींचा इंग्रजी गोषवारा जोडावा असा माझा व्यवहारी सल्ला. काही मित्रांना हे पटत नाही. त्यांच्याशी मी चहाच्या वेळी भांडतो, हरकतीच्या मुदतीत नाही.

पत्राचा सांगाडा साधारण असा ठेवा:

‘प्रति, मुख्य नगरनियोजक. विषय: दिनांक अमुकच्या राजपत्रातील कलम ३९-ए खालील नोटीस, अनुक्रमांक अमुक; गाव, तालुका, सर्वे नंबर, क्षेत्र; भातशेतीतून सेटलमेंट या बदलास हरकत. मी या गावी राहतो/राहते, माझं घर सदर जागेपासून इतक्या मीटरवर आहे. एक: एक-चौदाच्या उताऱ्यात ही जमीन तरी म्हणून नोंद आहे, उतारा जोडला आहे. दोन: जागेकडे जाणारा रस्ता अमुक मीटर रुंद आहे, फोटो जोडला आहे. तीन: पूर्वेकडील ओहोळ या जागेतून वाहतो, जुलैमधले तारखेसह फोटो जोडले आहेत. चार: या वाड्याला नळाचं पाणी दिवसातून इतकाच वेळ येतं. सबब हा बदल नामंजूर करावा आणि मला प्रत्यक्ष म्हणणं मांडण्याची संधी द्यावी.’

एवढंच. प्रत्येक मुद्द्याला एक कागद. ज्या मुद्द्याला कागद नाही तो शेवटी टाका किंवा सोडून द्या. उतार दाखवायचा असेल तर गुगल अर्थवर उंची बघता येते आणि जुन्या वर्षांची चित्रंही उघडता येतात. पाच वर्षांपूर्वी तिथे झाडी होती हे दाखवायला तोंडी साक्षीपेक्षा ते चित्र चांगलं. रस्ता टेपने मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा.

एकाच मजकुराच्या दोनशे छापील प्रती देण्याची पद्धत आहे. आकडा दाखवायला ती बरी, पण फाईलमध्ये त्या एकाच ओळीत बसतात. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळ्या कारणांची पत्रं द्यावीत. विहिरीवाल्याने विहिरीचं लिहावं, शाळेत मुलं सोडायला जाणाऱ्या आईने त्या वळणाचं.

अर्जदाराविषयी मात्र एक शब्दही वावगा लिहू नका. सगळेच झोन बदल दिल्लीच्या बिल्डरचे नसतात. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्याला वाटणीत आलेली जमीन सगळी बागायत झोनमध्ये आहे आणि मुलाला घर बांधायचं आहे, असंही असतं. त्याचे तीनशे मीटर आणि कंपनीचे तीस हजार मीटर एकाच तक्त्यात शेजारी छापलेले असतात. सरसकट सगळ्या ओळींना हरकत घेतली की गावातच फूट पडते, आणि ती मोठ्या अर्जदाराच्या पथ्यावर पडते. मी तक्ता बघतो तेव्हा आधी क्षेत्राचा रकाना बघतो.

देताना, आणि सुनावणीत

तीन प्रती न्या. एक त्यांना, एक तुम्हाला, एक जादा. आवक विभागात शिक्का, तारीख आणि क्रमांक तुमच्या प्रतीवर उमटल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ याला ‘थांबतो’ हेच उत्तर. ईमेलही करा, पण शिक्क्याची प्रत हवीच. शेवटचा दिवस टाळा.

सुनावणी ठेवली तर बोलायला थोडीच मिनिटं मिळतात, म्हणून लेखी निवेदन हातात देऊन त्यातला एकच मुद्दा बोला, सगळ्यात कागदी पुरावा असलेला. बोलून झालं की ‘इतिवृत्तात घ्या’ असं म्हणा. सुनावणीची पद्धतच चुकीची वाटली तर त्याच दिवशी तसं लेखी द्या. किनारी व्यवस्थापन आराखड्याची ७ मार्च २०२१ ची जनसुनावणी अशाच तक्रारींमुळे हरित लवादापर्यंत गेली आणि ८ जुलैला पुन्हा घ्यावी लागली. सभागृहात आरडाओरडा झाला होता म्हणून नव्हे, लोकांना म्हणणं मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही हे लवादापुढे मांडता आलं म्हणून.

निर्णयानंतर

महिना-दीड महिना झाला की आरटीआयचा अर्ज टाका. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. मागायचं ते नेमकं: सदर सर्वे नंबरच्या प्रस्तावावर आलेल्या सर्व हरकती, त्यांवरचा छाननी अहवाल, नगरनियोजन मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त आणि जागेच्या पाहणीचा अहवाल. तुमच्या मुद्द्यावर काहीच शेरा नसेल तर तोच पुढचा मुद्दा. न्यायालयात जायचं तर वेळ दवडू नका. पर्वरीला उच्च न्यायालयाच्या आवारात जाण्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळण्याची कायद्यात सोय आहे.

झोन बदलला म्हणजे लगेच इमारत उभी राहत नाही. पुढे भूरूपांतराची सनद लागते, मग नगरनियोजनाची तांत्रिक मंजुरी किंवा पीडीएचा परवाना, मग पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना. प्रत्येक ठिकाणी रस्त्याची रुंदी, पाणी आणि सांडपाणी यांचा प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि तुमची ती जुनी शिक्क्याची प्रत पुन्हा जोडता येते.

एवढं करूनही एके सकाळी जेसीबी आलाच, तर चालकाशी भांडू नका. तो रोजंदारीवर आलेला असतो. डोंगर कापायला किंवा सखल जमिनीत भराव टाकायला १७-ए कलमाखाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. ती दाखवा म्हणून सांगा, यंत्राचा नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयात, मामलेदाराकडे आणि पंचायतीत लेखी तक्रार द्या. पंचाला फोन त्यानंतर करा आणि त्याला तक्रारीचा आवक क्रमांक सांगा.